अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि त्यानंतरची पुनर्रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या अर्पणपत्रिकेच्या मागे तिकडे नेमकं काय घडत होतं, हे मात्र वाचक मला सतत विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'पुनर्रचना' म्हणजे नेमका कोणता काळ?

साधारणपणे १८६५ ते १८७७. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली ११ राज्यं अमेरिकेच्या संघराज्यातून फुटली आणि एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स इथे दक्षिणेचे जनरल ली यांनी उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, जनरल ग्रँट यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. चार वर्षांत सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख होती. फुटलेली राज्यं कोणत्या अटींवर परत घ्यायची आणि मुक्त झालेल्या या लाखो माणसांना देशात कोणतं स्थान द्यायचं, हे दोन प्रश्न एकदमच समोर आले. त्यांची उत्तरं शोधण्याची धडपड म्हणजे पुनर्रचना.

२. लिंकन यांनी १८६३ मध्येच गुलाम मुक्त केले होते, मग १८६५ ची घटनादुरुस्ती कशासाठी?

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा हे युद्धकाळातलं लष्करी पाऊल होतं. तो बंडखोर प्रदेशापुरताच लागू होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही चार राज्यं गुलामगिरी पाळणारी असूनही संघराज्यातच राहिली होती. तिथल्या गुलामांना जाहीरनाम्याने काहीच मिळालं नाही. शिवाय युद्ध संपल्यावर न्यायालयात तो टिकेल की नाही, ही धास्ती होतीच. म्हणून तेरावी घटनादुरुस्ती आणली गेली आणि ६ डिसेंबर १८६५ ला जॉर्जियाच्या मान्यतेने ती पक्की झाली. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी अगदी त्या डिसेंबरपर्यंत कायदेशीर होती.

एक अपवाद फार कमी जणांना माहीत असतो. आजच्या ओक्लाहोमातल्या चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांमध्येही गुलाम होते. तिथली गुलामगिरी १८६६ च्या स्वतंत्र तहांनी संपवावी लागली.

३. मग जूनटीन्थ हा सण कशाचा?

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजर यांनी गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. जाहीरनाम्याला तोवर अडीच वर्षं होत आली होती. टेक्सासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या साजरा केला. २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे.

४. मुक्त झाल्यावर लोकांनी आधी काय केलं?

आपली माणसं शोधायला घेतली. गुलामगिरीत नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या आणि मूल तिसऱ्या राज्यात विकलेलं, हे नेहमीचंच होतं. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांमध्ये 'माहिती हवी आहे' या मथळ्याखाली जाहिराती येऊ लागल्या आणि पुढे कित्येक दशकं येत राहिल्या. त्यात आईचं नाव, ती कोणत्या मालकाकडे होती, तिला कोणी विकत नेलं, शेवटची भेट कुठे झाली, असा तपशील असे. प्रवचनाच्या वेळी धर्मगुरू त्या मोठ्याने वाचून दाखवत, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. या विषयातलं दुसरं काही वाचायला वेळ नसेल, तर या जाहिराती तरी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

मग लग्नं लागली. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या, नातवंडं झालेल्या जोडप्यांनी नोंदणीसाठी रांगा लावल्या, कारण गुलामांच्या लग्नाला कायद्याने काही किंमतच नव्हती. स्वतःची चर्चेस उभी राहिली. आणि शाळा! दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. आता सहा वर्षांची नात आणि साठीची आजी एकाच बाकावर बसू लागल्या. मार्च १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी 'फ्रीडमेन्स ब्युरो' हे सरकारी खातं निघालं होतं. १८७० पर्यंत त्याच्या देखरेखीखाली चार हजारांवर शाळा होत्या. त्यातल्या अनेक इमारती लोकांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतून बांधल्या होत्या.

५. 'चाळीस एकर आणि एक खेचर' हे आश्वासन खरंच दिलं होतं का?

जमीन दिली होती. आणि काढूनही घेतली.

१२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मगुरूंना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवंय. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. त्यांनी स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य हजार डॉलर मोजून विकत घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं होतं की आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि आमचं आम्ही बघू. चारच दिवसांत शर्मन यांचा १५ क्रमांकाचा आदेश निघाला. साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा समुद्रकिनारा आणि बेटं मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवली गेली, प्रत्येकाला ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली. खेचराचा उल्लेख आदेशात नव्हता, पण लष्कराकडची जादा खेचरं काही जणांना मिळाली.

लिंकन यांच्या खुनानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन (प्रश्न ७) यांनी जुन्या मालकांना भराभर माफी दिली आणि त्याबरोबर जमिनीही परत केल्या. ऑक्टोबर १८६५ मध्ये ही बातमी सांगायला ब्युरोचे प्रमुख जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेले. चर्च खचाखच भरलेलं. ते बोलू लागले तशी इतकी आरडाओरड झाली की सभा थांबवावी लागली. तेवढ्यात एका बाईने दुःखाचं एक भजन उचललं आणि सगळं चर्च तिच्या मागोमाग गाऊ लागलं. हा प्रसंग खुद्द हॉवर्ड यांनीच लिहून ठेवला आहे. लोकांनी नंतर राष्ट्राध्यक्षांना अर्जही पाठवला. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांनी बंड केलं त्यांना जमीन मिळते आणि जे सरकारशी इमानी राहिले त्यांना हाकललं जातं, हा कुठला न्याय? जमीन काही परत मिळाली नाही.

६. जमीन नाही, तर पोट कशावर भरायचं?

अर्धेलीवर. मालकाची जमीन, बहुतेक वेळा बैल-बियाणंही त्याचंच, आणि पीक निघालं की साधारण निम्मं त्याचं. हंगामभराचं पीठ-मीठ दुकानातून उधारीवर, आणि त्या उधारीपोटी उभं पीक गहाण. हिशेबाची वही मालकाकडे किंवा दुकानदाराकडे. वर्षअखेरीस कर्ज फिटायच्या ऐवजी वाढलेलंच निघे. दुकानदार कापूसच लाव म्हणे, कारण विकला जायची खात्री त्याचीच.

मराठी शेतकऱ्याला ही वही ओळखीची वाटेल, आणि इथे खरा धागाही आहे. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, अमेरिकन कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा उन्माद माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. सावकारांनी उधारी आवळली आणि त्यानंतरच्या दशकभरात दख्खनचा कुणबी कर्जात रुतत गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि वह्या-खतं जाळली. त्या उठावाला सारावाढीसारखी इतरही कारणं होती, पण कापसाची तेजी-मंदी हे त्यातलं एक होतं.

साठवलेला पैसाही टिकला नाही. मुक्त झालेल्यांसाठी काढलेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ मध्ये बुडाली आणि ६१,००० हून जास्त खातेदार अडकले.

७. लिंकन यांचा खून झाला म्हणून सगळं बिघडलं का?

पुष्कळसं बिघडलं, पण सगळं खापर एका गोळीवर फोडता येत नाही. ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात लिंकन यांनी काही कृष्णवर्णीयांना, निदान शिकलेल्यांना आणि सैनिकांना, मत मिळावं असं जाहीरपणे म्हटलं. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ होता. १४ तारखेला त्याने गोळी झाडली.

पाठोपाठ आलेले अँड्र्यू जॉन्सन हे टेनेसीचे. त्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांना मोकळं रान दिलं. त्या राज्यांनी लगेच 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा लागे, नाहीतर भटक्या ठरवून दंड, आणि दंड भरता आला नाही तर सक्तीची मजुरी. करार संपण्याआधी काम सोडलं की आजवरची मजुरी बुडाली. साउथ कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा कोणताही धंदा करायचा तर कृष्णवर्णीयाला दरवर्षी वेगळा कर होता.

१८६६ मध्ये मेम्फिस आणि न्यू ऑर्लीन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या आणि उत्तरेतला मतदार खवळला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच वर्षी जॉन्सन यांचा नकाराधिकार धुडकावून नागरी हक्क कायदा केला. मार्च १८६७ मध्ये टेनेसी सोडून दहा राज्यं पाच लष्करी विभागांखाली आणली. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतांसह नवी राज्यघटना करा, मगच परत या, अशी अट घातली. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. ते केवळ एका मताने वाचले.

८. तेरावी, चौदावी, पंधरावी. या तिन्हींत फरक काय?

तेरावीने (१८६५) गुलामगिरी रद्द केली, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' हा अपवाद ठेवला. त्याच फटीतून पुढे कैदी भाड्याने देण्याची पद्धत आली. किरकोळ आरोपावरून पकडायचं आणि खाणीत किंवा मळ्यात जुंपायचं. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं.

चौदावी (१८६८) मला तिन्हींत सगळ्यात मोठी वाटते. देशात जन्मलेला माणूस नागरिक, आणि कोणतंही राज्य कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही, हे तिने लिहून ठेवलं. कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही, असा १८५७ चा ड्रेड स्कॉट निवाडा तिने पुसला.

पंधरावीने (१८७०) वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी केली. तिची भाषा नीट वाचा. ती मताचा हक्क देत नाही, फक्त तीन कारणं बाद करते. त्याचे परिणाम प्रश्न १२ मध्ये.

९. कालचे गुलाम खरोखर निवडून आले का?

आले, आणि एक-दोन नव्हे. स्थानिक न्यायाधीशापासून काँग्रेसपर्यंत सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी पदं भूषवली. फेब्रुवारी १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये बसले, त्याच वर्षी डिसेंबरात साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात. गुलाम म्हणून जन्मलेले ब्लँच ब्रूस १८७५ पासून पूर्ण मुदत सिनेटर होते.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' या बंडखोरांच्या आगबोटीवर ते सुकाणू सांभाळत, गुलाम म्हणून. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्यांनी बोट हलवली आणि वाटेत आपल्या व सोबत्यांच्या बायकामुलांना घेतलं. कप्तानासारखी गवती टोपी घालून ते किल्ल्यांसमोरून नेहमीच्या शिट्ट्या देत गेले आणि उत्तरेच्या आरमारापुढे पांढरं निशाण लावलं. पुढे ते काँग्रेसमध्ये अनेकदा निवडून आले. ब्यूफर्टमध्ये ज्या घराच्या मागच्या खोपटात ते जन्मले, ते मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं.

१०. पुनर्रचनेच्या काळातली दक्षिणेतली सरकारं भ्रष्ट आणि अडाणी होती असं जुन्या पुस्तकांत वाचलं. खरं काय?

भ्रष्टाचार होता, तो नाकारायचं कारण नाही. पण त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात ट्वीड नावाच्या गोऱ्या पुढाऱ्याची टोळी तिजोरी लुटत होती आणि त्यावरून कोणी गोऱ्यांचा मताधिकार काढा म्हटलं नाही. दक्षिणेत राज्यव्यापी सार्वजनिक शाळा याच सरकारांनी सुरू केल्या, गोऱ्या गरिबांच्या मुलांसाठीसुद्धा.

'काळ्यांना मत देणं हीच चूक' हे मत रुजवण्यात कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक डनिंग आणि त्यांचे शिष्य पुढे होते. त्याला सणसणीत उत्तर दिलं ते कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये. आपल्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की डनिंग कोलंबियात शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब आंबेडकर तिथे विद्यार्थी होते. पुढचा दुवा प्रश्न १५ मध्ये आहे.

११. कू क्लक्स क्लॅन एवढं करत असताना सरकार काय करत होतं?

काही काळ खंबीरपणे लढलं. क्लॅन ही गोऱ्यांची गुप्त, हिंसक संघटना टेनेसीतल्या पुलास्की गावात युद्धानंतर लगेच निघाली. शिक्षक, पुढारी, मतदार, जमीन घेणारे, सगळेच तिचं लक्ष्य. १८७० मध्ये न्याय खातं स्थापन झालं. १८७१ च्या क्लॅनविरोधी कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष ग्रँट (प्रश्न १ मधले जनरल) यांनी साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, सैन्य घातलं, शेकड्यांनी अटका झाल्या आणि क्लॅन मोडली.

पण १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही मारलं. मृतांचे आकडे ६० ते १५० असे सांगितले जातात. फक्त तिघे दोषी ठरले आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडलं. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसांना नाही, असं कारण दिलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात अडकली. पंधरा जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ मतांनी कौल दिला, हेज हे टिल्डन यांच्यावर निर्वाचकांच्या १८५ विरुद्ध १८४ मतांनी जिंकले. पडद्याआडच्या समझोत्यानंतर एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या विधिमंडळांभोवतालचं सैन्य हटलं. उत्तरेत १८७३ पासून मंदी होती आणि लोक या विषयाला कंटाळले होते. त्या कंटाळ्याची किंमत पुढच्या चार पिढ्यांनी मोजली.

१२. पंधरावी दुरुस्ती जागेवर असताना मतं काढून घेतली कशी?

'रंग' हा शब्द न लिहिता. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदान कर आणि वाचून अर्थ सांगण्याची परीक्षा आणली. अर्थ बरोबर की चूक, हे गोरा कारकून ठरवणार. लुइझियानाने १८९८ मध्ये 'आजोबा कलम' घातलं: १८६७ च्या सुरुवातीला ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता त्याला परीक्षा माफ. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. हक्क खऱ्या अर्थाने परत आला तो १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने.

१३. स्त्रियांचं काय?

चौदाव्या दुरुस्तीने संविधानात 'पुरुष' हा शब्द पहिल्यांदा आणला आणि पंधरावीतून 'लिंग' वगळलं गेलं. गुलामगिरीविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या सुसान अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन दुखावल्या. स्टँटन यांनी तर वंशद्वेषाची भाषा वापरली, आणि ते झाकू नये. अँथनी यांनी १८७२ मध्ये मत टाकलं म्हणून १०० डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधीच भरला नाही. मत मिळालं १९२० मध्ये. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना मात्र १९६५ पर्यंत थांबावं लागलं.

१४. बंडखोरांना शिक्षा झाली का? मालकांना भरपाई मिळाली का?

बंडाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षं कैदेत होते. खटला कधी उभाच राहिला नाही. आधी संविधानाची शपथ घेऊन पुढे बंड करणाऱ्यांना पदबंदी घालणारं कलम चौदाव्या दुरुस्तीत आहे, पण १८७२ मध्ये बहुतेकांची बंदी उठवली.

भरपाईचा एक अपवाद आहे. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम सोडवताना सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत पैसे दिले, मालकांना. नंतर चौदाव्या दुरुस्तीने अशी भरपाई कायमची बंद केली. गुलामांना त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांचे पैसे कोणी दिले नाहीत.

१५. फुले आणि आंबेडकरांचा या सगळ्याशी संबंध कितपत खरा?

पूर्णपणे खरा. 'गुलामगिरी' १ जून १८७३ ला निघालं, म्हणजे कोलफॅक्सनंतर दोन महिनेही झाले नव्हते आणि वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय सभासद बसत होते. लढाई अजून चालू होती. आपल्या देशबांधवांनी अमेरिकनांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं, अशी आशा जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत धरली.

आंबेडकरांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विषम वागणुकीविरुद्धच्या कलमांसाठी त्यांनी १८६६ आणि १८७५ च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. १८७५ चा कायदा खानावळी, गाड्या आणि नाटकगृहं सर्वांना खुली करणारा होता. प्रश्न ११ मधल्याच कारणाने अमेरिकन न्यायालयाने १८८३ मध्ये तो रद्द केला. आता आपल्या संविधानाचं कलम १५(२) काढून बघा: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट. शेजारी अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७. ही कलमं केवळ सरकारला नाही, तुमच्या-माझ्यासारख्या माणसालाही बांधतात. जी भिंत तिकडे न्यायालयाने उभी केली, ती इकडे संविधानातच पाडलेली आहे. कलम १४ मधले 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द तर सरळ चौदाव्या दुरुस्तीचे.

१६. मी अमेरिकेत राहतो. जन्माने नागरिकत्व गुलामांसाठी होतं, मग ते इतरांच्या मुलांना कसं?

कारण चौदाव्या दुरुस्तीत 'सर्व व्यक्ती' असं लिहिलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना परदेशातून परतताना अडवलं गेलं, तेव्हा १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नागरिकच आहेत असा निकाल दिला. गंमत नव्हे, पण मूलनिवासींना मात्र १८८४ च्या निकालाने बाहेर ठेवलं. सर्वांना नागरिकत्व मिळालं ते १९२४ मध्ये.

बाहेरून आलेल्यांचा नियम वेगळा. १८७० च्या कायद्याने अर्ज करून नागरिक होण्याची वाट गोऱ्यांबरोबर आफ्रिकी वंशाच्या लोकांना खुली झाली, आशियाई लोकांना नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही असं ठरवलं आणि भारतीयांसाठी ते दार बंद झालं. ते उघडलं १९४६ मध्ये. त्या तेवीस वर्षांत अमेरिकेतल्या भारतीय घरात पाळण्यातलं मूल देशाचं नागरिक असे आणि पाळणा हलवणारे आईवडील परके.